बाहेरून म्हणजे कुठून?

आमच्या वर्कशॉपचा पगार मी काढते. बेळगावच्या उद्यमबागेत मेन रोडपासून दोन गल्ल्या आत पत्र्याचं शेड, त्यात तीन सीएनसी, एक म्हातारा लेथ आणि एक ड्रिलिंग मशीन, एवढंच आमचं साम्राज्य. मोठ्या फौंड्रीतून कास्टिंग येतात, आम्ही टर्निंग-बोअरिंग करून परत पाठवतो, जॉबवर्क. माणसं चौदा. पीएफ-ईएसआयसाठी त्यांच्या आधारच्या झेरॉक्स एका निळ्या फाईलीत लावून ठेवल्यात आणि दर महिन्याला ती फाईल उघडली की माझी नजर उगाचच पत्त्यावर जाते. येळ्ळूर, देसूर, हलगा, बैलहोंगल. मग जिल्हा दरभंगा, जिल्हा मधुबनी, परत दरभंगा, गंजाम, देवरिया. चौदातले आठ असे की ज्यांना घरी पोचायला दोन रात्री रेल्वेत काढाव्या लागतात. ठरवून केलं नाही हे कधी. एक आला, त्याने भावाला आणलं, भावाने मेव्हण्याला. आमच्याकडची आयटीआय झालेली पोरं दोन वर्षं काम शिकतात आणि चाकणला नाहीतर गोव्याला जातात, आणि का जाऊ नयेत म्हणा, तिथं पगार जास्त आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरात ह्यातली बिहारची पाच एकदम गेली. आधी दिवाळी, मग छठ, मग नोव्हेंबरच्या ६ आणि ११ तारखेला तिकडं विधानसभेचं मतदान, म्हणजे आता गेलोच आहोत तर मत टाकूनच येतो असं सगळ्यांचं म्हणणं. तीन आठवडे दोन मशीन बंद. आमचे हे स्वतः रात्री अकरापर्यंत सीएनसीवर उभे, वय पंचावन्न, पाय सुजलेले, घरी आल्यावर गरम पाण्याच्या घमेल्यात पाय सोडून बसायचे.

त्या दिवसांत शेजारच्या शेडचे मालक आले. हे गृहस्थ आमच्याकडं चहाला आले की विषय ठरलेला, "ह्या भैय्या लोकांनी गाव भरलं बघा वैनी, दहा वर्षांनी बेळगावात आपलं माणूस दिवा घेऊन शोधावं लागतंय." त्या दिवशी आले ते दारातूनच, "तुमच्यातलं एखादं पोरगं मागं राहिलंय काय वो? दोन दिवस द्या की, डिस्पॅच अडकलाय." त्यांच्याकडचे सात गेले होते. मी चहा ठेवला. हसू आलं, खरं दाखवलं नाही, कारण आमचं तरी काय वेगळं होतं.

माझ्या बहिणीचा पोरगा कॅनडात आहे, ब्रॅम्प्टनला. २०२१ ला शिकायला गेला, आता एका गोडाऊनमध्ये सुपरवायझर आहे. त्याला रात्री झोप येत नाही तेव्हा आमची सकाळ असते, मग तो काय काय पाठवत बसतो. त्यातच एकदा त्याने अमेरिकेतल्या एका पाहणीचे आकडे पाठवले, "मावशी हे बघ, लोक किती येडे असतात."

गॅलप म्हणून कंपनी आहे, ती तिथल्या लोकांना १९६५ पासून एकच प्रश्न विचारत आलीय. देशात बाहेरून येणाऱ्यांचं प्रमाण आहे तेवढंच ठेवावं, वाढवावं की कमी करावं? २०२४ ला ५५ टक्के म्हणाले कमी करा. पुढच्याच वर्षी तसं म्हणणारे ३० टक्क्यांवर आले. पक्षाप्रमाणे बघितलं तर अजून गंमत. रिपब्लिकन पक्षाला मानणाऱ्यांत "कमी करा" म्हणणारे ८८ टक्के होते ते ४८ झाले, डेमोक्रॅट २८ वरून १६ वर आले, आणि कुठल्याच पक्षाचे नसलेले जे मधले लोक असतात ते ५० वरून ३० वर.

मी ते आकडे पगाराच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून काढले, सवयच ती, आकडा दिसला की लिहायचा. एका वर्षात असं काय झालं? आधीच येऊन राहिलेले कोट्यवधी लोक काय एका वर्षात गायब झाले नव्हते. ट्रम्प परत आले जानेवारी २०२५ ला. मेक्सिकोच्या सीमेवर २०२३ च्या डिसेंबरात एका महिन्यात जवळजवळ अडीच लाख लोक अडवले गेले होते, तो आकडा २०२५ च्या वसंतात महिन्याला काही हजारांवर आला. म्हणजे येणं खरंच कमी झालं हे एक. खरं दुसरंही असणार असं मला वाटतं, की दारावर आपला माणूस बसला म्हटल्यावर ज्यांना धास्ती होती त्यांची धास्ती निम्म्यावर आली, आणि ज्यांना तो माणूस आवडत नाही ते धरपकडीच्या बातम्या बघून म्हणायला लागले की बास, एवढंही नको. भाच्याने आणखी एक सांगितलं. १९९३ आणि १९९५ ला "कमी करा" म्हणणारे तिथं ६५ टक्के होते आणि तेव्हा दोन्ही पक्षांच्या लोकांत फारसा फरकच नव्हता. ही एवढी मोठी फट नंतर पडलीय, गेल्या वीसेक वर्षांत.

मला ह्यात येडेपणा काय दिसला नाही. आमच्या घरात हेच चालतं. पाहुणे जास्त झाले की नाही हे पाहुणे मोजून कुठं ठरतं, कुणाच्या माहेरचे आहेत त्यावर ठरतं आणि स्वयंपाकघराची किल्ली त्या वर्षी कुणाच्या कमरेला आहे त्यावर ठरतं. सासूबाई होत्या तेव्हा माझा भाऊ दोन दिवस आला तर "किती दिवस राहणार म्हणे?" आणि त्यांची बहीण सव्वा महिना राहून गेली तर "आत्ताच तर आली होती."

तर आमची भिशी. अनगोळात, महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी. अकरा जणी आहोत, त्या दिवशी दहा होत्या. कुणाच्या घरावर कुठला झेंडा हे सगळ्यांना पाठ, त्यात लपवण्यासारखं काय नाही, २०२१ ला महापालिकेची निवडणूक पहिल्यांदा पक्षांच्या चिन्हावर झाली तेव्हापासून तर जास्तच. आधी मराठी गट, कन्नड-उर्दू गट असंच असायचं, त्या वर्षी ५८ पैकी ३५ जागा भाजपने घेतल्या आणि ज्या घरांत पिढ्यान्‌पिढ्या समितीशिवाय, म्हणजे महाराष्ट्र एकीकरण समितीशिवाय, दुसरं नाव घेत नव्हते तिथं सून एकीकडं आणि सासरा दुसरीकडं असं झालं. आमच्याच घरात लोकसभेला एक आणि विधानसभेला वेगळंच असतं, हे म्हणतात ते त्यांचं मत, मी म्हणते ते माझं, आणि मतदानादिवशी दोघं एकाच गाडीवरून जातो.

भडंगाची ताटली फिरत होती. मी म्हटलं, एक प्रश्न विचारते, खरं खरं सांगा. बेळगावात बाहेरून येणारी माणसं कमी व्हावीत, आहेत तेवढीच असावीत, की वाढली तरी चालतील?

अमेरिकेतल्या लोकांनी म्हणे लगेच उत्तर दिलं असतं. इथं दहाच्या दहा जणींनी आधी उलटा प्रश्न टाकला. बाहेरून म्हणजे कुठून?

"बांगलादेशी असतील तर एक पण नको," एक म्हणाली, भाजपचं घर, नवरा बूथवर बसतो, "खरं ह्या बिहारी पोरांना काय म्हणायचं? आपलीच की ती. गणपतीला मांडव घालायला हीच येतात, आमच्या गल्लीची पोरं मोबाईल घेऊन कट्ट्यावर."

काँग्रेसवाल्या घरातली लगेच, "तुझी पोरगी कॉलेजात आहे म्हणून तुला सुचतंय. माझा इंजिनिअर होऊन दीड वर्ष घरात बसलाय. लोकल लोकांना नोकऱ्या राखून ठेवायचा कायदा आणणार होते, एका दिवसात गुंडाळला."

समितीचं जुनं घर, सासरे सत्याग्रहात आत जाऊन आलेले, ती म्हणाली, "बिहारी येतात ते पोटासाठी येतात. बाहेरचे म्हणजे जे बदली होऊन येतात आणि खुर्चीत बसून आम्हालाच विचारतात की कन्नड येत नाही काय म्हणून. ते कमी करा आधी."

आता आमच्या भिशीत गोकाककडची एक आहे, कन्नड घर, तीस वर्षं आमच्यात राहून मराठी आमच्यापेक्षा झणझणीत बोलते. तिनं कुंद्याचा चमचा तोंडात धरूनच म्हटलं, "मी सांगू? तुम्हीच की बाहेरच्या. एक नोव्हेंबरला, कर्नाटकच्या राज्योत्सवाला, काळे कपडे घालून फिरता, म्हणजे तुमचं मन बाहेर, पाय आत." सगळ्या हसल्या. हसल्या खरं, आणि मग एक क्षण कुणीच काय बोललं नाही, पंख्याचा आवाज तेवढा. मग तीच म्हणाली, "चहा ठेव की ग," आणि विषय सुटला.

एकीचा मुलगा जर्मनीत आहे. ती एवढा वेळ गप्प होती. म्हणाली, "कमी-बिमी नको बाई. ह्याचा तिथं राहायच्या कार्डाचा अर्ज अडकलाय अजून." आम्ही बेळगावचं विचारत होतो, ती जर्मनीचं उत्तर देत होती.

शेवटी मोजलं तर सहा जणी कमी, तीन आहे तेवढं, आणि जर्मनीवाली. अमेरिकेत पक्ष बदलला की उत्तर बदलतं, आमच्याकडं सहाही जणी तीन वेगवेगळ्या झेंड्यांच्या होत्या आणि तिघींचा "बाहेरचा" एकमेकींना ओळखत सुद्धा नव्हता. एकीचा बाहेरचा देशाच्या पलीकडचा, एकीचा नोकरीच्या रांगेत पोरासमोर उभा असलेला, एकीचा सरकारी खुर्चीतला. आणि ह्या सहापैकी चौघींच्या माडीवरच्या खोल्यांत बिहार-ओरिसाची पोरं भाड्याने राहतात, खोलीला पाच पोरं, माणशी भाडं. मी विचारलं, पोरं गेली तर खोली कोण घेणार ग? "ते वेगळं," म्हणाली एक.

घरी येताना चालत चालत मी आणखी एक मोजणी केली. दहा जणींत बेळगावात जन्मलेली एकच. बाकी गडहिंग्लज, गोकाक, खानापूर, कारवार, कागल, धारवाड. मी स्वतः चंदगड तालुक्यातली, म्हणजे कोल्हापूर जिल्हा, म्हणजे महाराष्ट्र. १९९८ ला लग्न होऊन आले तेव्हा तिलारीकडून येणाऱ्या गार वाऱ्याचं गाव सोडून आले एवढंच डोक्यात होतं, राज्य ओलांडलं हे कुणाच्या लक्षातही आलं नाही, वऱ्हाडाच्या टेम्पोत कोण राज्य मोजत बसतं. २०११ च्या जनगणनेत देशात ४५ कोटींच्या वर लोक स्थलांतरित निघाले, त्यात बायका जास्त आणि बायकांचं सगळ्यात मोठं कारण लग्न. म्हणजे सरकारच्या कागदावर त्या भिशीत दहापैकी नऊ जणी बाहेरून आलेल्या, आणि आम्हीच बसून ठरवत होतो की बाहेरचे किती असावेत. सासऱ्यांनी माझं नाव रेशनकार्डात घातलं, मग मतदार यादीत आलं, एकदा सुद्धा मला कुणी विचारलं नाही की तू इथली कशी काय. सून म्हटलं की विषय संपला.

सासऱ्यांची गोष्ट ह्याच्या बरोबर उलटी. ते जन्मले १९४४ ला, मुंबई इलाख्यात. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्यांची फेररचना झाली तेव्हा बारा वर्षांचे होते, म्हैसूर राज्यात गेले. १९७३ ला म्हैसूरचं कर्नाटक झालं. २०१४ ला बेळगावचं बेळगावी झालं, तेव्हा ते सत्तरीत. एवढ्या सगळ्यात त्यांनी घर बदललं नाही, खोली सुद्धा बदलली नाही, तीच कौलारू माजघरातली कॉट. "मी कुठं गेलो नाही," म्हणायचे, "राज्यच माझ्या घरातनं ये-जा करतंय." सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगाचा १९६७ चा अहवाल, महाराष्ट्र मागतो ती ८६५ गावं, २००४ ला महाराष्ट्र सुप्रीम कोर्टात गेला त्याचं पुढं काय, हे सगळं त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की माझी मुलं लहानपणी रामरक्षेसारखं म्हणून दाखवायची. एकही पाऊल न टाकता माणूस परका ठरू शकतो हे आमच्या घरात शिकवावं लागलं नाही.

आणि तेच सासरे, १९६६ ला मुंबईत शिवसेना निघाली आणि दक्षिणेकडून आलेल्या कारकुनांविरुद्ध, उडप्यांच्या हॉटेलांविरुद्ध आवाज झाला, तेव्हा बावीस-तेवीस वर्षांचे, त्यांना ते लई पटलं होतं. १९६९ च्या फेब्रुवारीत सीमाप्रश्नावरून मुंबई पेटली तेव्हा तर छाती फुगून गेली होती म्हणे. मुंबईत आलेला कारवारचा वेटर बाहेरचा आणि बेळगावातले आपण घरचे. मी एकदा विचारलं होतं, मामंजी, तो वेटर पण पोटासाठीच गेला असेल ना? ते म्हणाले, "असेल की. मग काय?" आणि पेपर उघडला. माणूस वाईट नव्हता. पहाटे उठून गल्लीतल्या नळाला पाणी आलं की सगळ्यांच्या दारावर थाप मारत जायचे, कन्नड घर, मुसलमान घर, कुठलंही.

गोव्याचं तर सांगायलाच नको. माझे धाकटे दीर म्हापशाला फरशीचं काम घेतात, खानापूरची सहा-सात पोरं हाताखाली. खानापूर तालुक्यातल्या किती गावांत घराघरातलं एक माणूस गोव्यात आहे, बेकरीत, बांधकामावर, हॉटेलात. पहाटे चोर्ल्याच्या घाटातनं भाजीचे टेम्पो उतरतात, बेळगावचा कोबी-टोमॅटो गेला नाही तर पणजीच्या मार्केटात भाव चढतो. आणि तिथं आमची लोकं म्हणजे "घाटी". शिवीसारखंच म्हणतात ते. २०२२ च्या विधानसभेला तिथं रिव्होल्युशनरी गोवन्स म्हणून नवीन पक्ष उभा राहिला, मूळ गोंयकार कोण ह्याची कायद्यात व्याख्या करा, १९६१ च्या आधीची मुळं दाखवेल तोच, ही त्यांची मुख्य मागणी, आणि पहिल्याच झटक्यात एक आमदार आला. दीर दिवाळीला आले होते तेव्हा तावातावाने सांगत होते, "आम्ही नसलो तर ह्यांची घरं कोण बांधणार?" ह्यांनी हळूच म्हटलं, "हे वाक्य काल आमच्याकडचा दरभंग्याचा पोरगा म्हणत होता." दिरांनी करंजी खाल्ली.

अमेरिका-कॅनडाचं एक बरं आहे, तिथं वर्षाला किती माणसं घ्यायची तो आकडा सरकार ठरवतं, म्हणून लोकांना विचारायला काही अर्थ आहे. आकडा आहे तर तो खाली-वर करा म्हणता येतं. आपल्याकडं दरभंग्याहून बेळगावला यायला कुठलं दारच नाही, घटनेच्या १९ व्या कलमाने कुणीही कुठंही फिरावं, राहावं, आणि ते तसंच असावं असं मला वाटतं, नाहीतर चंदगडची मी इथं कशी येणार. पण दार नाही म्हणून मनातलं जात नाही. ते मग दुसरीकडनं निघतं. दुकानाच्या पाटीवर ६० टक्के कन्नड पाहिजे ह्यातनं निघतं, बसच्या तिकिटावरनं झालेल्या भांडणातनं निघतं, दोन दिवस राज्याबाहेरच्या एसट्या बंद होतात त्यातनं निघतं, आणि निवडणुकीच्या आधी नोकऱ्यांच्या कायद्यातनं निघतं.

ह्या कायद्याच्या बाबतीत पक्षाचं काही विचारूच नका. आंध्रात २०१९ ला जगन रेड्डींच्या सरकारने ७५ टक्के नोकऱ्या स्थानिकांना असा कायदा केला. हरियाणात भाजप आणि जननायक जनता पक्षाच्या सरकारने तेवढ्याच ७५ टक्क्यांचा केला, २०२३ च्या नोव्हेंबरात हायकोर्टाने तो रद्द केला. आमच्या कर्नाटकात २०२४ च्या जुलैत काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने मॅनेजमेंटमध्ये ५० आणि बाकीच्या कामांत ७० टक्के स्थानिक असं विधेयक मंजूर केलं, बेंगळूरूच्या कंपन्यांनी आरडाओरडा केला आणि लगेच थांबवलं. तीन राज्यं, तीन वेगळे झेंडे, मसुदा मात्र एकाच टायपिंग सेंटरातनं आणल्यासारखा. अमेरिकेत पक्ष विचारून माणसाचं उत्तर ओळखता येतं. आमच्याकडं पक्ष विचारून एवढंच कळतं की हा कुणाला बाहेरचं म्हणणार. आणि ते सुद्धा निवडणूक बदलली की बदलतं.

ते ७० टक्क्यांचं विधेयक आलं त्या रात्री आमच्या घरात खरोखर हिशेब झाला. मी निळी फाईल काढली. चौदाचे ७० टक्के म्हणजे दहा. आमच्याकडं स्थानिक सहा. म्हणजे चार पोरं काढा आणि चार इथली शोधा. ह्यांनी दुसऱ्या दिवशी ओळखीच्या दोन गावांत निरोप धाडला, फेटलिंगला माणूस पाहिजे म्हणून, कास्टिंगच्या कडा ग्राइंडरने घासायचं काम, दिवसभर नाकातोंडात काळी धूळ. दोन जण आले, एक जेवणाच्या सुट्टीनंतर आलाच नाही, दुसरा आठवडाभर टिकला आणि म्हणाला, "काकू, ह्याच्यापेक्षा डिलिव्हरीचं काम बरं." त्याला मी कुठल्या तोंडाने नाही म्हणणार. आम्ही पगार वाढवला असता तर टिकला असता का? कदाचित. जॉबवर्कचा रेट वाढत नाही तोपर्यंत आम्ही वाढवू शकत नाही, आणि बाहेरची पोरं ह्याच पैशात यायला तयार आहेत तोपर्यंत रेट कोण कशाला वाढवेल, इथं मला काँग्रेसवालीचं म्हणणं पटतं. तिचा मुलगा दीड वर्ष घरात बसलाय हे काय खोटं नाही. हे इथं लिहायला जड जातंय कारण आमचा धंदा त्याच्यावरच चाललाय.

भाच्याला मी भिशीचा सगळा किस्सा फोनवर सांगितला. तो खूप हसला. मग मी म्हटलं, आता तू सांग, कॅनडात बाहेरची माणसं जास्त झालीत का रे? मला वाटलं तो चिडेल. तर म्हणाला, "मावशी, खरं सांगू? झालीत. आता थांबवायला पाहिजे." त्याचं कारण ऐकून घ्या. तो गेला तेव्हा तीन जण मिळून एका बेसमेंटचं भाडं देत होते, आता त्याच बेसमेंटमध्ये सहा जण राहतात. तिथल्या एन्व्हायरॉनिक्स नावाच्या संस्थेच्या पाहणीत देशात बाहेरची माणसं फार येतात असं म्हणणारे २०२२ ला २७ टक्के होते, २०२३ ला ४४ झाले आणि २०२४ ला ५८. कन्झर्व्हेटिव्ह लोकांत सगळ्यात जास्त, खरं बाकीच्या पक्षांच्या लोकांत सुद्धा वाढलेच. घरं मिळेनात, भाडी परवडेनात, लोकसंख्या २०२३ ला ४ कोटींवर गेली. शेवटी ज्या लिबरल सरकारने माणसं बोलावली त्याच सरकारने २०२४ ला विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा आणली आणि कायमच्या वास्तव्याचं २०२५ चं ५ लाखांचं ठरलेलं लक्ष्य ३ लाख ९५ हजारांवर आणलं.

"आणि तू रे?" मी म्हटलं, "तुझ्या पाठोपाठ तुझा धाकटा भाऊ जाणार आहे ना?"

"तो येऊ दे आधी," म्हणाला. "मग थांबवू दे."

मी फोनवर काय बोलले नाही. मामंजी असते तर म्हणाले असते, असेल की, मग काय.

आता हे सगळं लिहायला बसले त्याचं कारण वेगळंच आहे. आमच्या माडीवरच्या खोलीत चार पोरं राहतात, त्यातला एक दरभंग्याचा, आमच्याच सीएनसीवर आहे, सहा वर्षं झाली. मशीनवर उभा राहून आता बैलहोंगलच्या ऑपरेटरशी कन्नडात भांडतो आणि माझ्याशी मराठीत, "आंटी, पाणी आलं नाय की वो." २०२५ ला तिकडं मतदार यादीची फेरतपासणी झाली, ऑगस्टात कच्ची यादी लागली त्यात राज्यभरात ६५ लाख नावं नव्हती, त्यात ह्याच्या मोठ्या भावाचं होतं. कारण काय तर कायमचा स्थलांतरित. तो भाऊ सुरतेला असतो. ह्याचं नाव राहिलं, मत टाकून आला, तेव्हापासून ह्याच्या डोक्यात बसलंय की आज ना उद्या आपलंही जाणार. लग्न ठरलंय, बायकोला इथंच आणायचं म्हणतो.

परवा रविवारी संध्याकाळी खाली आला, आंघोळ करून, केस विंचरून, शर्ट आत खोचून, म्हणजे कामाचं बोलायला आलाय हे कळलंच. मोबाईलवर फॉर्म आठ उघडलेला, पत्ता बदलायचा. त्याला रजिस्टर केलेलं भाडेपत्र पाहिजे, मालकाच्या सहीचं. म्हणाला, "आंटी, वोट इधर करा लेते हैं. अब इधरच रहना है ना."

ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांच्याकडं. शेजारच्या शेडच्या मालकांना कळलं तर काय म्हणतील, गल्लीतली भिशी काय म्हणेल, समितीची माणसं म्हणतील मराठी मतांची गल्ली आणि तुम्ही बिहारी मत आणलंत, दुसरे म्हणतील आणखी काही, आणि उद्या ह्याने खोली सोडली नाही तर, कागद त्याच्या हातात. हे सगळं एका मिनिटात माझ्या डोक्यातनं गेलं. सासऱ्यांनी माझं नाव रेशनकार्डात घालायला किती वेळ घेतला होता ते मला आठवत नाही, बहुतेक त्याच आठवड्यात घातलं होतं.

"बघू हं," मी म्हटलं. "गणपती होऊ देत."

"हां आंटी," म्हणाला आणि जिना चढून वर गेला. स्टॅम्प पेपर ह्यांनी दुसऱ्या दिवशी आणलाय. फ्रिजवर आहे, वर लिंबांची टोपली ठेवलीय, उडू नये म्हणून.